रिकाम्या जागेतला दगड

ही गोष्ट खरी आहे. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, थापा मारत नाही. तेवढी कल्पनाशक्ती त्याच्याकडे नाही.

तो भूवैज्ञानिक. खनिज शोधायला जमिनीत खोल भोक पाडतात, त्यातून दगडाच्या गोल कांड्या निघतात. त्या पेटीत क्रमाने मांडायच्या, ओल्या करून निरखायच्या, उभ्या चिरून अर्धा भाग प्रयोगशाळेत पाठवायचा. जिथला दगड हाती लागलाच नाही, तिथे पेटीत तेवढी जागा मोकळी सोडायची.

एका शनिवारी दिवेलागणीला पेटीत हातभर जागा मोकळी होती. भोक पाडायचं मशीन चालवणाऱ्या ड्रिलरला सगळे मामा म्हणत. मामा सांगून गेले होते की तिथे मशीनच्या नळ्या आपोआप खाली घसरल्या. म्हणजे आत पोकळी. मशीन हलवायला हवं, नाहीतर उद्या माणसांसकट खाली जाईल.

मोठे साहेब फोनवर म्हणाले, पोकळी तुमच्या डोक्यात असेल.

मेहुणा चहा पिऊन पेट्यांच्या शेडमध्ये परतला...

मोकळ्या जागेत दगड होता.

कुणीतरी चेष्टा केली, असं त्याला वाटलं. पण दुसरीकडची कांडी शेजारच्या कांडीशी जुळत नाही. त्याने तुटकी टोकं लावून पाहिली.

दोन्हीकडे दातात दात बसला.

पाणी मारलं. बाकीच्या कांड्या वाळल्या. ही मात्र...

ओलीच राहिली.

त्याने हातोडीने ठोकलं. टक्.

बाहेर मशीन बंद होतं. तरी भोकातून, खालून कुठूनतरी...

टक्.

मामा दारात उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं.

"साहेब, भरलंय असं लिहू नका," ते हळूच म्हणाले. "वर मशीनवर माझी पोरं उभी असतात."

त्याने नोंदीत पोकळी लिहिली. मोठ्या साहेबांनी आदळआपट करून मशीन जरा बाजूला घेतलं.

नव्या भोकात, त्याच खोलीवर, नळ्या पुन्हा घसरल्या. मामा अजून त्या वर ओढत होते. मेहुणा शेडकडे धावला.

नवी पेटी कोरी होती... मधोमध एक कांडी सोडून.

मामांनी पोरांना गाडीत घातलं. मेहुणाही त्याच गाडीत चढला. आता तो शाळेत भूगोल शिकवतो. माझी बायको म्हणते, बरं झालं, ऊन तरी लागत नाही.

मोठ्या साहेबांनी लगेच कामगारांची दुसरी टोळी आणली, एवढं कानावर आलं.

त्यांची चौकशी करावी म्हणून परवा मी फोन हातात घेतला. मेहुण्याने तो काढून घेतला.

"भाऊजी, राहू द्या," तो म्हणाला. "कुणी उचललाच नाही तर?"