जुळ्यांमधली एकच

"माझ्या पोरीला कुणीतरी विष घालतंय," खुर्चीत नीट टेकायच्या आतच आईने सांगून टाकलं. "आणि विहीणबाई म्हणतात, आमचं रक्तच नासकं!"

गुप्तहेरबाईंनी चष्मा पुसला. त्यांचे सोबती जमादार, पोलिसातून निवृत्त झालेले, वही उघडून बसले.

जुळ्या पोरी, हुबेहूब. एकाच घरात दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. धाकटी ठणठणीत. थोरलीचे हात थरथरतात. दोनदा गर्भ गेला, आता पुन्हा दिवस राहिलेत. हाही गेला तर तिला कायमची माहेरी धाडणार होते.

दुसऱ्या दिवशी तिघं त्या घरी गेली.

"एकाच पातेल्यातलं जेवतो सगळे," विहीण कडाडली. "दोन महिने माहेरी होती, तिथं तरी कुठं बरी झाली? मग दोष रक्तातच ना!"

धाकटी रडवेली झाली. "ताईला वाटतं, मीच काहीतरी घालते."

थोरलीचा नवरा जुन्या बॅटऱ्या फोडायच्या कारखान्यात होता. "शिशाचं काम. पण मी आंघोळ तिथंच करतो, गणवेशही तिथंच ठेवतो. फाटला की सासूबाई मागून नेतात. त्यांना काही वाया गेलेलं खपत नाही."

थोरली पलंगावर पडून होती. बाईंनी तिची उशी चाचपली. "माहेरीही हीच नेली होतीस?"

"हिच्याशिवाय झोप लागत नाही."

"मी शिवलेय!" आई फुशारली. "आत जाड कापडाचे तुकडे आहेत. विकतच्या उशीत काय दम असतो? धाकटीलाही देत होते, तर म्हणे टोचते. नाजूक राणी!"

बाईंनी उशी पिशवीत घातली. ती आणि थोरलीचं रक्त दोन्ही तपासायला पाठवलं.

चार दिवसांनी सगळे पुन्हा जमले.

"नवराच!" जमादार म्हणाले. "अहवालात शिसं निघालंय, ते त्याच्याच कारखान्यातलं."

"शिसं तिथलंच, जमादार. आणलं त्याने नाही." बाईंनी अहवाल पुढे ठेवला. "दोष उपजत असता, तर दोघींना असता. जेवणात विष असतं, तर सगळं घर आजारी पडतं. सासरी आणि माहेरी तिच्याबरोबर एकच वस्तू होती, उशी. आत भरलेल्या त्या फाटक्या गणवेशांची धूळ ती रात्रभर नाकाने ओढत होती. उशीतही आणि रक्तातही शिसं निघालं."

"मी उन्हात झटकून घेतले होते हो..." आई पुटपुटली. "पण दोघी एकाच मुशीतल्या, मग हिचं शरीर असं का उलटलं?"

"जनुकं म्हणजे घरातली विजेची बटणं समजा. दोघींची सारखीच. असं विष बटणं तोडत नाही. नको ती चालू करतं, हवी ती बंद."

"पोटातल्या बाळाचीही?" आईने विचारलं.

"कदाचित. विष थांबलं की काही जागेवर येतात. सगळी येतील, असं मी सांगणार नाही. उपचार मात्र आजच सुरू करा."

आईने जन्मात कुणापुढे मान खाली घातली नव्हती. ती विहिणीकडे वळली.

"रक्त चांगलंय तिचं. तिला घरात ठेवा. या घरात पाऊल ठेवायचं नाही ते मी."

"असं नका म्हणू," असं कुणीच म्हणालं नाही. थोरलीसुद्धा.