सत्तर अंशांवरची संकष्टी

सत्तरवाडीत संध्याकाळ रोज पावणेसातला होते. होते म्हणजे, केली जाते. बाहेर सूर्य घाण्याच्या बैलासारखा गोल फिरतो आहे, महिना झाला टेकलेला नाही. पण वाडीवर जे छताकाश ताणलं आहे, त्यात ठरल्या वेळी लाली चढते, अंधार पडतो आणि उत्तरेला ध्रुव लुकलुकायला लागतो. हात लांब करून मूठ धरली की एक मूठ म्हणजे दहा अंश. मागे सोडलेल्या गावाचा अक्षांश अठरा, म्हणून छतातला ध्रुव दोन मुठींना थोडा कमी. छताबाहेरचा खरा ध्रुव इथल्या सत्तर अंशांप्रमाणे सात मुठींवर, पार टाळूवर. पण उन्हाळ्यात तो दिसणार कुणाला? तारे दिसायला आधी रात्र तर पडायला हवी.

समुद्र तापला तसे बांगडे उत्तरेला सरकले, आणि बांगड्यांमागे कोळी सरकले. मासळीला छत लागत नाही, माणसाला लागतं. पहिल्या उन्हाळ्यात कुणाला झोप येईना, पोरं रात्री दोनला खेळायची, बायका भांड्यांसारख्या एकमेकींवर आदळायच्या. मग अठरा अंशांचं आभाळ आणून वाडीवर टाकलं, तेव्हा कुठे घरं शांत झाली. आभाळ चालवायचं काम उल्का तांडेल करते. सातवा महिना लागला आहे तिला, तरी जिना चढून यंत्रखोलीत जाते.

आणि तिची सासू चांगुणा मात्र छताखाली फारशी टिकत नाही. दिवसातून चारदा धक्क्यावर जाऊन पाणी बघून येते. चौथीपर्यंत शाळा, पण पाण्याचं गणित कुणी तिला शिकवायला जाऊ नये. गावाकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चौथीला तीन वाजता. इथे आली त्याच महिन्यात तिने त्यात एक तास मिळवला. तेव्हापासून हिशेब चुकलेला नाही.

आज ज्येष्ठातली संकष्टी. चांगुणाची एकविसावी. उल्काची दोन पोरं पोटातच गेली, तेव्हा बोललेला नवस आज फिटणार होता. मोदक झाकून ठेवले होते, दूर्वा नव्हत्या म्हणून कुंडीतलं गवत निवडून घेतलं होतं. देवाला सत्तर अंश कळत असतील तर गवतही कळेल, असं तिचं म्हणणं.

नऊ वाजता छताच्या पूर्वेला चंद्र वर आला. पिवळा, कडेने थोडा झिजलेला, अगदी गावचा.

"चला आई, उगवला," उल्का म्हणाली. "ताट वाढते."

चांगुणा नुकतीच धक्क्यावरून आली होती. पदराला खारं पाणी लागलेलं. तिने चंद्राकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"पाणी अजून उतरतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, म्हणजे? चौथीचा चंद्र उगवायचा आणि पाणी वळायचं, इथे दोन्ही एकाच सुमाराला. भरती चारला, मग ओहोटीचा तळ दहाला. आत्ता वाजले नऊ. सहावी पायरी अजून पाण्याखाली आहे. मग हा कोण उपटसुंभ तासभर आधी वर आलाय?"

चुलीवरचं दूध उतू जायच्या आत उल्काचा चेहरा सगळं सांगून गेला.

"तू वर आणलंस त्याला?"

"आई, फाल्गुनात तुम्ही चक्कर येऊन पडलात. साखर किती खाली गेली होती, डॉक्टरांनी सांगितलं ना? मग मी... एक तासच अलीकडे घेतला. बाकी काही नाही केलं."

"चैत्रात पण?"

"हो."

"वैशाखात?"

उल्काने मान खाली घातली.

"वा गो बाय! ढग आले की आपण पंचांगातली वेळ बघून जेवतो, म्हणून मी पाणी न ताडता या पत्र्याच्या चंद्राला मान दिला. म्हटलं, चेहरा खोटा असेल, वेळ तर खरी. आणि तू माझ्या देवाचं घड्याळ पुढे केलंस! मासे तोलताना काट्याला बोट लावणाऱ्या बाया मी चाळीस वर्षं बाजारात ओळखल्या, घरात ओळखायला चुकले."

तिने मोदकांचं ताट उचललं, आणि सरळ बाहेरच्या दाराकडे निघाली. उल्का पोट सावरत मागे.

दार उघडताच ऊन तोंडावर आलं. थंड, तिरपं, डोळ्यात घुसणारं. रात्रीचे सव्वानऊ. धक्क्यावर दोघींच्या सावल्या माडाएवढ्या लांब पडल्या.

"खरा कधी उगवेल?" चांगुणाने विचारलं.

"आज नाही उगवणार."

"उद्या?"

"तीन दिवस नाही, आई. सप्तमीला दिसेल." उल्काने ताटातला एक मोदक उचलला आणि त्याच्या टोकाशी नख टेकवलं. "आपण इथे आहोत, शेंड्याजवळ. चंद्र सध्या खालच्या अंगाने फेऱ्या मारतोय. मधे मोदकाचं पोट येतं. गावाकडून दिसतो, इथून नाही. पौषात उलट होतं, तेव्हा तो मावळतच नव्हता, आठवतं?"

"तेव्हा तू 'आई, चंद्र जास्त झाला' असं नाही म्हणालीस." चांगुणा पायरीवर बसली. "बरं. सप्तमीपर्यंत बसते."

"तीन दिवस? मराल!"

"मरीन. लबाडीने फेडलेला नवस त्या पोराच्या डोक्यावर नाही ठेवणार."

उल्का तिच्या शेजारी बसली. जड अंगाने, हळूहळू, कठड्याला धरून.

"मग मीही नाही जेवत."

"तुला काय वेड लागलंय? सातवा महिना आहे!"

"लबाडी मी केली. उपास तुम्ही एकट्या का धरता?"

दूर बोटींच्या डोलकाठ्या चमकत होत्या. त्यातल्या एका बोटीवर उल्काचा नवरा होता. वारा थांबत नव्हता. चांगुणाने हात पदरात गुंडाळून घेतले. सुनेने ते पाहिलं, आणि सासूने सुनेचं पोट पाहिलं. दोघी सारख्याच हट्टी, म्हणून तर एका घरात टिकल्या.

सहावी पायरी उघडी पडली. मग सातवीची कड.

चांगुणा अचानक पुढे वाकली. पायरीला धरलेलं लांब शेवाळ आतापर्यंत समुद्राकडे ओढलं जात होतं. ते सैल पडलं. क्षणभर कुठेच गेलं नाही. मग त्याने मान फिरवली आणि धक्क्याकडे झुकलं.

"वाजले किती?"

"दहाला आठ कमी."

"वळलं," चांगुणा म्हणाली. "बघ. दिसत नाही म्हणून काय झालं? ओढतोय ना तो? मोदकाच्या पोटामागून ओढतोय. ढगाला पंचांग चालतं, तर इतक्या मोठ्या पृथ्वीच्या आडोशाला पाणी का नाही चालणार?"

ती दोन पायऱ्या उतरली, ओंजळ भरली आणि समुद्राचं पाणी समुद्रालाच वाहिलं. वर आली, एक मोदक मोडून अर्धा सुनेच्या तोंडात कोंबला, अर्धा स्वतः खाल्ला.

"चैत्र-वैशाखाचे ते बुडालेले दोन उपास मी परत धरीन. इथे बसून, पाणी बघून. आणि तू त्या चंद्राला त्याचा तास परत दे."

"देते, आत्ताच." उल्का डोळे पुसत म्हणाली. "आई, एक विचारू? पोराला पहिल्यांदा चांदोबा दाखवायचा तो कुठला? आतला की बाहेरचा?"

"आतला गावचा आहे."

"पण गावात आता उरलंय कोण?"

चांगुणाने उरलेले मोदक पदराने झाकले आणि ताट घेऊन दाराकडे वळली.

उल्काने जिना चढून यंत्रखोली उघडली. चंद्र तासभर खाली ओढला. वाडीतल्या कुत्र्यांनी तेवढी हरकत घेतली. मग तिचं बोट शेजारच्या आकड्यावर थांबलं. अक्षांश: अठरा. गावाचा; इथला सत्तर. पोटात बाळाने लाथ मारली. ते कुठल्या आभाळाकडे तोंड करून असेल?