भरमाच्या विहिरीचं पाणी

निपाणीतल्या तंबाखूच्या जुन्या वखारीत क्रिप्टोची तीनशे मशीनं बसली, तेव्हा सगळं वायरिंग यशपालनं केलं. आभासी नाणी पाडणारी ती मशीनं दिवसरात्र तापायची. त्यांना गार ठेवायला ओले पडदे होते, आणि पडद्यांसाठी मागच्या विहिरीत मोटार सोडली तीही यशपालनंच. दोन वर्षांत मशीनं जुनी झाली, मालक भंगार टाकून पसार झाला आणि विहीर ठणठणीत कोरडी पडली.

विहीर यशपालच्या आजोबांनी, भरमांनी, खणलेली. दुसरीकडं पाणी भरू देत नव्हते, म्हणून स्वतः सुरुंग लावून. त्यात एक बोट गेलं. काठावर चुन्यात उमटवलेला त्यांचा चार बोटांचा पंजा अजून आहे.

"कुऱ्हाडीचा दांडा गोताला काळ," तानीआत्ती त्या पंजाकडं बघत म्हणाली. "माझ्या बाचं पाणी तू पाजलंस रं त्या डब्यांस्नी!"

बोल झोंबला. निदान भंगार तरी हलवावं, म्हणून दुसऱ्या दिवशी यशपाल पान्हे घेऊन वखारीत शिरला.

पहिल्या मशीनच्या पंख्यामागं धूळ असायला हवी होती. निघाला ओला तांबडा गाळ. वीज तोडून चार महिने झालेले, पत्रा उन्हानं भाजत होता. छप्पर गळत असेल म्हणून त्यानं वर पाहिलं. छप्पर धड होतं. दुसऱ्या मशीनमध्ये शेवाळ निघालं. दहाव्यात जिवंत गोगलगाय.

दुपारी आत्ती धावत आली. "यशा, विहिरीत वल आलीया!"

मोजल्याशिवाय यशपालचा कशावर विश्वास नाही. त्यानं विहिरीच्या पायऱ्यांवर खडूच्या खुणा केल्या. मशीन उघडलं की पाणी चढे, तो थांबला की पाणीही थांबे. आठवड्याभरात बायका घागरी बुडवू लागल्या, तेव्हा त्याला चक्क रडू आलं.

दोनशे नव्याण्णव झाली. विहीर भरलेली असताना पाणी जिथवर असायचं, त्याला एक पायरी कमी होतं.

"लई झालं की एवढं," आत्ती म्हणाली.

"न्हाय आत्ती. एक राहिलंय."

ते त्याच्याच घरी होतं. कधीतरी उपयोगी पडेल म्हणून त्यानं लपवून कपाटात ठेवलेलं.

कपाटाला कुलूप तसंच होतं. दाराखालून पाणी झिरपत होतं.

मशीनचे स्क्रू घट्ट होते. त्यानं एकेक काढला.

झाकण उचललं, तोच विहिरीकडून बायकांचा गलका ऐकू आला, "भरली! भरली!"

झाकणाच्या आतल्या बाजूला ओल्या चुन्याचा पंजा होता. बोटं चार.