नीलमने बांधलेली बॅटरी

मी यात काही रंगवून सांगणार नाही. मला तसं येतही नाही. मी महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला आहे. गल्लीगल्लीत जाऊन पाणी सोडतो, बंद करतो. जसं घडलं तसं लिहितोय. ज्याला पटेल त्याला पटेल.

जागा चारकोप, कांदिवली पश्चिम. सेक्टरमधली आमची एक खोली. मे महिन्यातला रविवार.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती. शेजारी टीव्हीवर मॅच चालू होती.

आमचं घर बौद्ध आहे. उतारा, कावळ्याचा घास, असलं आमच्याकडे काही होत नाही. माझी बायको नीलम गेली तेव्हा वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं. मेलेलं माणूस परत येतं असं मी कधी मानलं नाही.

आजही मानायचं नाहीये मला.

नीलम इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बॅटऱ्या जोडायच्या कामाला होती. तिच्या इलेक्ट्रिक स्कूटीची बॅटरी मेली, तेव्हा तिने नवी विकत घेतली नाही. घरी बसून स्वतः बांधली. लिथियमचे सेल ओळीने जोडले आणि वर बीएमएस बसवला.

बीएमएस म्हणजे हाताच्या पंजाएवढी पाटी असते. ती एकेका सेलवर नजर ठेवते. सेल जास्त भरला, जास्त तापला, की पुरवठा तोडते.

नीलम म्हणायची, "हा आपला वॉचमन. हा झोपला तर घर गेलं समज."

रात्री चार्जर लावू द्यायची नाही. झोपण्याआधी प्लग काढलाय का, ते हात लावून बघायची.

गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला. आठवड्याभरात गेली.

स्कूटी आमची मुलगी मानसी चालवायला लागली. तिला पवईला नोकरी लागली होती. एक दिवस गेटपाशी गाडी बंद पडली, ती चालूच होईना. मी बॅटरी काढून वर आणली आणि दाराजवळ ठेवली. चार्जिंगचा प्लग तिथेच आहे.

आमच्या खोलीला दार एकच आहे. खिडकीला ग्रिल.

रविवारी मेव्हणा आला. प्रबुद्ध, नीलमचा धाकटा भाऊ. त्याचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे.

"दाजी, ताईने बांधलेली वस्तू बंद पडत नाही. तुम्हीच काहीतरी उपद्व्याप केला असणार."

"मी हातपण लावला नाही रे."

"मग त्याचाच राग आला असेल तिला."

हसलो आम्ही. मानसी जेवून पडद्यापलीकडे झोपली होती.

प्रबुद्धने वरचं प्लास्टिक कापलं. आतली टेप सोडवली. टेपखाली एक केस अडकला होता...

लांब. मुळाशी पांढरा.

त्याने केस बाजूला ठेवला नाही, होता तिथेच राहू दिला.

मग मीटर लावला. सेल सगळे ठणठणीत. पण बाहेर येणाऱ्या वायरवर काहीच नाही.

"बीएमएसनेच बंद केलंय," तो म्हणाला. "का केलंय ते विचारू त्याला."

हा बीएमएस मोबाइलवरच्या ॲपमधून बघता येतो. ब्लूटूथने. प्रबुद्धने ॲप उघडलं आणि शोधलं.

सापडेना.

पुन्हा शोधलं. नाही.

मग त्याने पाटीच्या कडेला असलेल्या निळ्या दिव्याकडे बोट दाखवलं.

"हा बघा. कोणी जोडलेलं नसेल तर हा लुकलुकतो. कोणाचा फोन जोडला की लुकलुकायचा थांबून नुसता जळत राहतो. आणि एका वेळी एकच फोन जोडता येतो."

दिवा लुकलुकत नव्हता...

"तुमच्या फोनवर ॲप आहे?"

"नाही."

"मानसीच्या?"

"नाही. तिला यातलं काही येत नाही."

"ताईचा फोन?"

"एक्स्चेंजमध्ये दिला. कधीच."

"मग जोडलंय कोण?"

त्याला वाटलं, चाळीतलं कुठलं तरी पोरगं मस्ती करतंय. "दहा मीटरच्या पुढे हे चालत नाही. चला मैदानात. बघू कोण मागे येतंय."

आम्ही बॅटरी पिशवीत घालून मैदानात नेली. ऊन असं की कुत्रंही नव्हतं. मधोमध पिशवी ठेवली. चारी बाजूंना माती. ना माणूस, ना गाडी.

पिशवीत बघितलं.

निळा दिवा तसाच. लुकलुक नाही.

"साला," प्रबुद्ध पुटपुटला. भिंतीपलीकडे कोणी आहे का बघायला तो गेला.

मी एकटाच राहिलो. उकिडवा बसलो आणि हळूच म्हणालो, "आहेस का गं?"

खोटं कशाला बोलू... मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तिच्या हातची वस्तू होती, तिचा केस होता आत. कोणीतरी बॅटरीला धरून बसलं होतं, आणि आम्ही दोघं सोडून तिथे कोणी नव्हतं. मला वाटलं, असंच राहू दे. गाडी नाही चालली तरी चालेल.

प्रबुद्ध परत आला. भिंतीपलीकडे कोणी नव्हतं.

वर आलो. बॅटरी परत दाराजवळ ठेवली. त्याने पाटीत खोचलेला ब्लूटूथचा तुकडा उपटला. दिवा गेला. परत बसवला.

दिवा लुकलुकायला लागला. प्रबुद्धने पटकन फोन जोडला. यादीत 'गाडी' असं नाव आलं. ते नीलमनेच ठेवलेलं.

"मिळाला. आता कोणी घुसू शकत नाही." त्याने चार्जर लावला. झोपलेला बीएमएस कधी कधी चार्जर लावल्यावर जागा होतो, म्हणाला.

मग तो स्क्रीन बघत राहिला. बराच वेळ.

"काय झालं?"

"दाजी, बटण बंद करा. भिंतीवरचं."

मी केलं.

"बीएमएस बिघडलेला नाही. गाडीचा पुरवठा कोणीतरी ॲपमधून बंद केलाय. आणि बाकीचं सगळं काढून टाकलंय. किती भरल्यावर थांबायचं, किती तापल्यावर थांबायचं... सगळ्या मर्यादा काढल्यात. वॉचमनला हाकलून दिलंय."

"कोणी?"

"बदलायला पासवर्ड लागतो. मला माहीत नाही. तो फक्त ताईला माहीत होता."

मला अजून कळत नव्हतं. त्याने आवाज खाली आणला.

"गाडी बंद पडली म्हणून तुम्ही बॅटरी कुठे आणलीत?"

"घरात."

"घरात आणली की आपण काय करणार होतो? चार्जिंगला लावणार होतो ना?"

मी दाराकडे बघितलं. मग पडद्याकडे.

तेवढ्यात...

टक.

भिंतीवरचं बटण चालू होतं. त्याच्याजवळ कोणीच नव्हतं.

मी बंद केलं. हात तिथेच धरून ठेवला. हाताखालून ते वर आलं. जोर होता त्याला. दुसऱ्या बाजूने कोणी बोट लावल्यासारखा.

टक.

मी चार्जरची पिनच बॅटरीतून ओढून काढली.

"आकडे चढतायत," प्रबुद्ध म्हणाला.

"पिन काढली रे."

"मला दिसतंय ना. तरी भरतेय."

मग वास आला. गोडसर. नेलपॉलिशचा येतो तसा. प्रबुद्ध उठून उभा राहिला. "सेल फुटतोय. मानसीला उठवा. मानसी, ऊठ गं."

मी पडद्याआड गेलो. हाक मारली, हलवलं, गालावर मारलं. ती उठेना. श्वास चालू होता. झोपेत हसत होती.

तिला उचलून बाहेर काढायचं तर बॅटरीवरूनच जावं लागलं असतं.

मी चादर ओढली, बॅटरीवर टाकली, उचलली आणि जिन्याने पळालो. चादरीतून हात भाजत होते. खाली गटाराच्या कामासाठी रेतीचा ढीग टाकला होता. त्यावर फेकली.

पडता पडता पेटली. पांढरा जाळ. सेल एकेक करून सुटत होते, फटाफट. लोक गॅलरीत आले. मी तळहात बघत उभा राहिलो. कातडी गेली होती.

नीलमच्या हातचं एवढंच उरलं होतं माझ्याकडे.

शेजारची शकुमावशी खाली आली होती. मालवणची बाई. माझ्याकडे बघून म्हणाली, "लाकडांची आग अशी नसता रे. ह्या काय तरी येगळाच आसा."

"मावशी, आमच्यात असलं मानत नाहीत."

"तुमी मानणास नाय, म्हणान ता येवचा रवतला काय?"

प्रबुद्ध मागे येऊन उभा होता. हातात फोन. पांढरा पडला होता.

"दाजी... हे अजून जोडलेलं आहे."

समोर बॅटरी जळत होती. पाटी वितळून गेली असणार. आणि ॲपमध्ये सगळं व्यवस्थित दिसत होतं. तापमान सदतीस. जिवंत माणसाच्या अंगाचं असतं तेवढं.

आणि वर, जिथे 'गाडी' लिहिलेलं होतं, तिथे नाव बदललं होतं.

'मानसी.'

त्याने फोन बंद केला. ॲप काढून टाकलं. नंतर तो फोनच विकला. माझ्याकडे येतो, पण या विषयावर बोलत नाही.

मी धावत वर गेलो. मानसी उठून बसली होती. केस मोकळे.

"एवढा आरडाओरडा कसला पप्पा?"

"तुला हाका मारल्या. ऐकू नाही आल्या?"

"आल्या ना. पण मम्मी डोक्यावरून हात फिरवत होती. म्हणाली, झोप. थोडाच वेळ आहे."

मी तिला पुढचं काही सांगितलं नाही. शॉर्टसर्किट झालं म्हणालो. दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, तिने आठवडाभर भरवलं मला.

स्कूटी भंगारात दिली. जूनमध्ये मानसीला पवईला पीजीमध्ये ठेवलं. घरापासून लांब बरी, असं वाटलं. इथे मी एकटा असतो. प्लग काढलाय का ते हात लावून बघतो आणि झोपतो. इथे आता काही होत नाही. एकदाही झालं नाही.

मी त्यातच समाधानी होतो.

परवा संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. नवे इयरफोन घेतलेत म्हणाली. फोनला जोडत होती.

"पप्पा, गंमत बघ. यादीत माझ्याच नावाचं काहीतरी दिसतंय. रूममध्ये तर मी एकटीच आहे. मामाने केलंय का हे?"

मी फोन डोळ्यांजवळ धरला.

"जोडू का?"

"नको," मी म्हणालो. "मानसी, हात लावू नको. फोन खाली ठेव."

"अरे, मी काहीच नाही केलं." ती स्क्रीनकडे बघत होती. "आपोआप जोडलं गेलं."

मी रोज सकाळी फोन करतो. ती उचलते. बरी आहे म्हणते. हल्ली झोप छान लागते म्हणते, इतकी गाढ की अलार्मही ऐकू येत नाही. आईला लेक जवळ हवी असते, हे मला कळतं. त्याच्या पुढचा विचार मी करत नाही.

नीलम अशी नव्हती.

आज सकाळी मी सहा वेळा फोन केला. सहाव्यांदा उचलला. "हळू बोल," नीलमचा आवाज होता, "ती झोपलीय."