दुसरी लाइन

शनिवार, ८ फेब्रुवारी १९८६. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

अमेरिकेतल्या डलुथ शहरातल्या एका घराच्या तळघरात व्हर्लिन हाऊगेनच्या संगणकाच्या पडद्यावरची अक्षरं अचानक विस्कटली...

वर कोणीतरी फोन उचलला होता.

हे घडलेलं आहे. व्हर्लिनने स्वतः सांगितलं, आणि पुढचं निम्मं त्याच्या मित्राने, ऑरिनने, आपल्या पडद्यावर पाहिलं.

घरात लाइन एकच. मॉडेम, म्हणजे संगणकाला फोनच्या तारेवरून दुसऱ्या संगणकाशी जोडणारं यंत्र, चालू असताना स्वयंपाकघरातला फोन उचलला की कानात नुसती कर्कश शिट्टी, आणि खाली पडद्यावर कचरा. व्हर्लिनची बायको मार्लिस रोज टोमणे मारायची, "तुझ्या यंत्राला वेगळी लाइन घे, नाहीतर मला वेगळं घर घे." शेवटी दुसऱ्या लाइनसाठी अर्जही तिनेच केला. जोडणारा माणूस गुरुवारी येणार होता.

त्या शनिवारी व्हर्लिन ऑरिनकडून एक प्रोग्राम उतरवून घेत होता. निम्मा आला होता.

तो जिन्याकडे तोंड करून ओरडला, "मार्लिस, ठेव तो फोन. पाच मिनिटं थांब की."

तिने ठेवला. अक्षरं पुन्हा नीट झाली.

चाळीस मिनिटांनी तो कॉफी घ्यायला वर गेला.

मार्लिस फोनखाली, फरशीवर पडली होती.

हृदयविकाराचा झटका. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी कळलं असतं तर...

गुरुवारी माणूस आला. व्हर्लिनला नको म्हणायचंही सुचलं नाही. नवी तार खांबावरून थेट तळघरात उतरली. तिला एकच जोड, तोही तळघरातच. स्वयंपाकघराशी तिचा संबंधच नव्हता.

महिनाभर मॉडेम बंद होता. मग ऑरिन मागे लागला. माणसांत येत नाहीस तर निदान तारेवर तरी ये, म्हणाला. मार्चमधल्या एका शनिवारी दोघं टाइप करून गप्पा मारत बसले.

चार दहाला...

अक्षरं विस्कटली. तीन सेकंद. मग पुन्हा सरळ.

ऑरिनने टाइप केलं, "तुझ्याकडे कोणी फोन उचलला का?"

"मी एकटाच आहे."

पुढच्या शनिवारीही तेच. टेलिफोन कंपनीच्या माणसाने तार टोकापासून टोकापर्यंत तपासली. दोष सापडला नाही.

तिसऱ्या शनिवारी व्हर्लिनने मॉडेम काढून त्या जोडात साधा फोन लावला. वेळ होत आली तेव्हा रिसीव्हर कानाला लावला. नेहमीचा टोन.

चार दहा...

टोन थांबला.

पलीकडे कोणीतरी होतं. धाप लागलेलं...

"मार्लिस, बोल. लाइन मोकळी आहे. मी नाही ओरडणार."

श्वास थांबला.

आणि पलीकडे रिसीव्हर ठेवला गेला. अलगद. सांगितल्याबरोबर ठेवावा तसा.

व्हर्लिनने मॉडेम ऑरिनला देऊन टाकला. लाइन ठेवली. एप्रिलअखेर, तिकडच्या रिवाजाप्रमाणे उन्हाळ्यासाठी, सगळ्या शहराने घड्याळं तासभर पुढे केली, तेव्हापासून टोन पाच दहाला थांबतो. व्हर्लिन काहीच बोलत नाही आता. नुसता ऐकतो, पलीकडे रिसीव्हर ठेवेपर्यंतचे सेकंद मोजतो आणि वहीत लिहून ठेवतो.

शेवटची नोंद ११ ऑक्टोबरची आहे.

अकरा सेकंद. मग ठेवला.