श्वास कधी धरायचा

"नाव सांगा," सरिता म्हणाली.

"आत्ताच सांगितलं ना खिडकीवर."

"मला सांगा. सुई मी टोचणार हाय, खिडकी न्हाई."

हिंगोलीच्या त्या छोट्या खाजगी दवाखान्यात सरिता खिल्लारे सगळ्यांशी असंच बोलायची. पेशंटच्या तोंडून नाव ऐकल्याशिवाय, ते चिठ्ठीशी ताडल्याशिवाय, बाटलीवरचं औषधाचं नाव आणि तारीख वाचल्याशिवाय ती सुई उचलत नसे. मग समोर डॉक्टरांचे सासरे का असेनात. आज समोर एक तरुण बसला होता. तळव्याला फडकं गुंडाळलेलं, भाद्रपदातल्या रिपरिपीनं केस ओले झालेले, आणि चेहऱ्यावर जखमेच्या मानानं जरा जास्तच हसू.

"धम्मानंद शेषराव इंगोले. वारंगा फाट्यावर दुकान हाय, फवारणीचे पंप दुरुस्त करतो. त्यातलाच एक चावला."

धनुर्वाताचं इंजेक्शन होतं. तिनं दंड स्पिरिटनं पुसला, तो सुकू दिला आणि हात सैल सोडायला सांगितलं. हात काही सैल होईना.

"सुईकडं बघवत न्हाई मला," तो म्हणाला.

"मंग माझ्याकडं बघा."

हे वाक्य ती रोज लेकरांना म्हणायची; पण आजवर कुठल्या लेकरानं ते इतकं मनावर घेतलं नव्हतं. सुई टोचून बाहेरही आली, तरी तो बघतच होता. मग भानावर आला आणि मिस्त्रीच्या सवयीनं ट्रेमधलं सुईचं टोपण उचलून तिच्यापुढं धरलं. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नसतं, लावताना नर्सच्याच बोटात घुसते, असं तिनं त्याला सुनावलं आणि सुई थेट ती तोडायच्या कटरमध्ये घातली.

तो उठला. "बरं मंग, येतो... सि..." आणि तिथंच अडकला. अख्खा दवाखाना तिला सिस्टर म्हणायचा. या एकाच माणसाच्या तोंडून तो शब्द बाहेर पडेना. शेवटी तो 'मॅडम' म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

दारातून मात्र तो परत फिरला. वडलांना दमा होता. डॉक्टरांनी रोज तोंडानं ओढायला पंप दिला होता, पण त्यानं काडीचा फरक पडत नव्हता, आणि वडील गावोगाव हिंडून सुया मारून घेत होते. सरितानं त्याला सांगितलं, पंपासकट घेऊन या.

शेषराव सिद्धेश्वरच्या कालव्याखालच्या गावचे. उभी हयात कापसावर फवारणी करण्यात गेलेली. आल्या आल्या दंड पुढं करून म्हणाले, सुई मार, मोकळा कर. डॉक्टरांनी सुई लिहिली नव्हती, आणि लिहिलं नाही ते सरिता टोचत नव्हती. म्हातारा रागावला, पदर पसरावा तसा धोतराचा सोगा पसरून बसला, दुसरीकडं जाण्याची धमकीही देऊन झाली. ती ढिम्म हलली नाही.

"आधी पंप कसा घेता ते दाखवा, मामा."

मामा ऐकून धम्मानंद गालात हसला. त्यांच्याकडं सून सासऱ्याला मामाच म्हणते.

शेषरावांनी मोठ्या ऐटीत पंप तोंडापासून वीतभर लांब धरला, डोळे मिटले आणि दाबला. दाबताक्षणी त्यांनी श्वास गच्च धरला. औषध मिशीवरून निघून गेलं.

"मामा, श्वास काहून धरला?"

"फवारा उडाला की श्वास धरायचा असतो, बाई. न्हाई तर औषध छातीत जातं."

सरिता हसली ती थांबेचना. धम्मानंदही हसला, कारण गिऱ्हाइकांना हे तोच शिकवत आला होता. मग डोळे पुसून ती म्हाताऱ्याजवळ बसली. हे औषध छातीतच जायला पाहिजे, तिनं सांगितलं. पंप चांगला हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, सावकाश श्वास ओढता ओढता दाबायचं. आणि मग धरायचा श्वास, मनात दहा म्हणेपर्यंत. शेवटी चूळ भरायची. आणि चारचौघांत पंप घ्यायला लाजायचं नाही, हे तिनं दोनदा बजावलं.

शेषरावांना गुण आला. सुया सुटल्या, कालव्यापर्यंतची चाल परत आली. मुलगा मात्र दवाखान्यातून हलेना. पंप संपला हे कसं कळतं, तो उन्हात ठेवला तर काय होतं, असे प्रश्न घेऊन तो वारंग्याहून हिंगोलीला येऊ लागला. प्रश्न संपले तेव्हा डेपोजवळच्या टपरीवर तिच्याबरोबर चहाला यायला लागला. थंडी पडली त्या सुमारास एकदा कप हातात फिरवत म्हणाला, "मला तुमी आवडता. घरी... सांगू का?"

"सांगा," ती म्हणाली. इतक्या हळू, की तिचं तिलाच नवल वाटलं.

पण एक गोष्ट ती बोलली नाही. सरिताला स्वतःलाच लहानपणापासून दमा होता. तिचा पंप पर्सच्या तळाशी रुमालात असायचा, आणि छाती भरून आली की ती सलाईनच्या खोक्यांमागं जाऊन तो ओढायची. मागच्या वर्षी नांदेडचं जमत आलेलं लग्न त्या पंपामुळंच मोडलं होतं. तेव्हापासून आईनं, पद्माबाईनं, तंबी दिली होती, लग्न लागेपर्यंत तोंड बंद. आता तर समोर धम्मानंद होता. हा माणूस गेला तर आपल्याला सहन होणार नाही, हे सरिताला पक्कं कळून चुकलं होतं, म्हणून ती गप्प राहिली. जगाला लाजू नका म्हणून सांगणारी ही बाई!

पाहुणे रविवारी सरिताच्या घरी आले. थंडीमुळं खिडक्या लावलेल्या, बुद्धवंदनेसाठी मेणबत्त्या आणि उदबत्तीचा अख्खा जुडगा पेटवलेला. धम्मानंदची आत्या गोजरबाई इंगोल्यांच्या घरात सगळ्यांत मोठी. तिच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. तिनं सरिताला न्याहाळलं, पसंतीची मान हलवली आणि म्हणाली, "घरात एक दमेकरी हायच. सून तेवढी धडधाकट पाहिजे, बाई."

उदबत्तीच्या धुरानं सरिताची छाती तेव्हाच शिटी वाजवायला लागली होती. आईनं डोळ्यांनी खुणावलं, आत जा, च्या बघ. आत गेलं की सगळं सुरळीत होणार होतं. धम्मानंद तिचा होणार होता. आणि उद्या त्याच्या घरातही तिला कुठल्यातरी खोक्यांमागं उभं राहावं लागणार होतं.

ती आत गेली नाही. फळीवरची पर्स काढली, रुमाल सोडला आणि सगळ्यांसमोर, घाई न करता, अगदी रीतसर पंप घेतला. मनात दहा म्हणेपर्यंत श्वास धरला.

"हा माझा पंप हाय," ती म्हणाली. "दमा मला लहानपणापासून हाय. पंप घेते आन् ड्युटी करते. हे लपवून मला लग्न करायचं न्हाई. चालत नसंल तर आत्ताच सांगा."

गोजरबाईनं पदर सावरला. "कळवतो मंग आमी," ती उठत म्हणाली. कळवतो म्हणजे काय, ते दोन्ही घरांना माहीत होतं.

धम्मानंद उठला नाही. "माझ्या बापाला लाजू नका म्हणून शिकवलं," तो म्हणाला, "आन् मला सांगितलं न्हाई?"

"न्हाई सांगितलं. चुकलं." तिचे डोळे भरले, मान मात्र खाली गेली नाही. "तुमी जाल म्हणून भ्याले."

"आता बी भिऊन राहिल्या?"

"व्हय. पण पंप परत रुमालात जाणार न्हाई."

तो आत्याकडं वळला. "आत्या, बस खाली. कळवायचं काई न्हाई. मला हीच पाहिजे. दम्यासकट, आन् या तोंडासकट."

तिच्याबरोबर उठलेले शेषराव मघाशीच परत टेकले होते. एकटी उभी राहून गोजरबाई तरी किती वेळ राहणार? टेकली. लोक काय म्हणतील, असं एकदा म्हणून झालं. शेवटी भिंतीकडं बघत पुटपुटली, "उन्हाळ्यात बघू मंग."

"उन्हाळ्यात गावभर भट्ट्यांवर शेतातली हळद उकडत असते," सरिता म्हणाली. "मला धूर सोसत न्हाई. मुहूर्त तर आपल्यात बघत न्हाईत. पुढच्या महिन्यात करा."

पोरीनं स्वतःच्या लग्नाची तारीख स्वतःच्या तोंडानं मागितली! पद्माबाईनं पदरात तोंड लपवलं. धम्मानंद तेवढा उठला, लावलेल्या खिडक्या एकेक करून उघडल्या, आणि तिच्याकडं वळून म्हणाला, "बराबर हाय. पुढच्याच महिन्यात."