बर्फ न धरणारी डबी

टाक्यांच्या खोलीत सकाळचं पहिलं काम म्हणजे द्रव नायट्रोजनची पातळी बघणं. टाकीबाई जाड निळे हातमोजे चढवायची, तोंडापुढे प्लास्टिकचा पडदा ओढायची आणि झाकण उचलायची. पांढरा धूर काठावरून ओघळून तिच्या बुटांवर पसरायचा. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना त्या धुराचं भारी कौतुक. "पुढे येऊ नका," ती त्यांना सांगायची, "पायाची बोटं गळून पडली तर शोधायला मला वेळ नाही."

तिचं हे नाव लॅबमधल्याच कुणीतरी पाडलं होतं आणि ते तिला चिकटून बसलं होतं. मूल जन्मून नाळ कापली की नाळेत आणि वारेत जे रक्त उरतं, ते एरवी कचऱ्यात जातं. आजूबाजूच्या दवाखान्यांतल्या बाळंतिणी ते इथल्या रक्तपेढीला दान करायच्या. रक्त पिशवीत, पिशवी स्टीलच्या चपट्या डबीत आणि डबी टाकीच्या कप्प्यात. कुणाच्या कामी येईल, हे देणारीला कधीच कळत नसे. टाकीबाईला हे फार आवडायचं. एवढं निखळ देणं तिने दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं.

आणि आता तिच्याच घरात मागणारं माणूस होतं. धाकट्या भावाची मुलगी, गोटी. पोरीच्या हाडांतला मगज रक्त बनवेनासा झाला होता. दुसऱ्यांचं रक्त चढवून दिवस ढकलायचे, तेही आता अंगी लागेना. भाऊ, भावजय, स्वतः टाकीबाई, कुणाचंच जुळत नव्हतं. सगळ्या पेढ्यांत शोध झाला होता. थंडी संपेपर्यंत जुळणारं रक्त मिळालं नाही तर, असं डॉक्टर म्हणाले आणि भावजयीने त्यांना पुढचं बोलूच दिलं नाही.

रोज सकाळी भावाचा फोन यायचा.

"ताई, काही?"

"नाही रे. बघतेय मी."

ती डबी तिच्या नजरेत आली ती अशाच एका फोननंतर. कप्पा टाकीतून वर काढला की हवा लागताच प्रत्येक डबीवर बर्फाची पांढरी बुरशी धरते. एका डबीवर ती धरली नाही. स्टील लखलखीत, आत्ताच पुसून ठेवल्यासारखं. टाकीबाईने तापमान मोजलं. शेजारच्या डब्यांइतकंच थंड. डबीचा पत्रा वेगळा असेल, म्हणून तिने पिशवी झटपट दुसऱ्या डबीत घातली. ती डबीही कोरडीच राहिली.

चला, असतं एकेक. तिने ती कप्प्याच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवली आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी डबी सगळ्यात वरच्या खणात होती.

तिने पुन्हा खाली ठेवली. पुन्हा वर. खोलीच्या दाराला तिचीच किल्ली लागायची, आणि भुताखेतांवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. आपणच दमलोय, विसरतोय, असं तिने स्वतःला बजावलं. पेढीच्या प्रमुख डॉक्टर, मोठ्या बाई, त्यांनीही एकदा हटकलं.

"काय गं, ही डबी सारखी वर कशाला ठेवतेस?"

"मी नाही ठेवत."

"मग काय चालत येते?"

टाकीबाई हसली नाही. बाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि विषय बदलला.

मग एका दुपारी डबी उचलताना तिचा हात तसाच राहिला. इतक्या जाड हातमोज्यातूनही तिला ऊब लागली. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तशी. डबी खाली ठेवून ती बाहेर आली, गार पाण्याने तोंड धुतलं आणि सरळ बाईंच्या खोलीत गेली.

"ती पिशवी खराब झालेली दिसतेय. तपासू, आणि नासली असेल तर टाकून देऊ."

"बरं, तपास."

प्रत्येक पिशवीला त्याच रक्ताची एक बारीक बंद नळी जोडलेली असते. लॅबमध्ये तिला शेपूट म्हणत. शेपूट कापलं की दोन्ही चाचण्या नव्याने करायच्या, पेशी जिवंत आहेत का आणि रक्त कोणत्या जुळणीचं आहे, हा तिथला दंडक. कितीही कंटाळा आला तरी.

पेशी जिवंत होत्या. भरपूर, अगदी ताज्यासारख्या.

जुळणी मात्र जुन्या नोंदीशी कुठेच मिळेना.

बाईंचा चेहरा उतरला. नमुन्यांच्या ट्रेचा एक कोपरा कापलेला असतो, तो मशीनमध्ये डावीकडे यावा लागतो. ही पिशवी आली तेव्हाच्या चाचणीत कुणीतरी घाईत ट्रे उलटा सरकवला असणार. पहिल्याचा निकाल शेवटच्याच्या माथी, शेवटच्याचा पहिल्याच्या. अख्ख्या ट्रेची अदलाबदल.

बाईंनी नवा निकाल संगणकावर रुग्णांच्या शोधात टाकला.

पडद्यावर एका रुग्णाचा नंबर उमटला.

तो टाकीबाईला तोंडपाठ होता.

तिने भावाला फोन लावला.

"ताई, काही?"

"आधी खाली बस."

"ताई?"

"मिळालं रे. माझ्याच टाकीत होतं."

पलीकडून नुसतं रडणं आलं. मग तीही रडली, तोंडापुढच्या पडद्यासकट, हातमोज्यांसकट, आणि बाईंनी तिला रडू दिलं.

चहाच्या कपात मावेल एवढं रक्त. ते गोटीच्या नसेत थेंब थेंब गेलं. मग काचेपलीकडचं लांबलचक वाट पाहणं, ताप, उलट्या, भावजयीचे सुजलेले डोळे. आणि एका सकाळी डॉक्टर धावतच आले. नवं रक्त रुजलं होतं. पोरीचं शरीर स्वतःचं रक्त स्वतः बनवत होतं. इकडे तो सगळा ट्रे पुन्हा तपासून झाला, आणि आणखी काही घरांत फोन वाजले. लॅबमध्ये त्या दिवशी कुणाचे पाय जमिनीवर नव्हते. मोठ्या बाई चक्क शीळ घालत फिरत होत्या.

गोटी घरी आली ती डोक्यावर नवे मऊ केस आणि तोंडाचा पट्टा घेऊनच. कोचावर उड्या मारू नकोस, असं तिला सांगायला कुणालाही जीव होईना. आतून भावजयीचं गाणं ऐकू येत होतं, कित्येक महिन्यांनी. टाकीबाई चहा घेत पोरीकडे डोळे भरून बघत बसली होती. जिंकलो, तिला वाटलं. चांगलं जिंकलो.

गोटी उड्या थांबवून तिच्याजवळ येऊन बसली.

"आत्या, बाकीच्यांना कधी बाहेर काढणार?"

"कुणाला गं?"

"अगं, खालच्या खणातल्यांना. मी वर यायला निघाले तेव्हा ती सगळी म्हणाली होती, आमचंही सांग."

टाकीबाईने कप हळूच खाली ठेवला. टाकीच्या खणांबद्दल ती घरात कधीच बोलली नव्हती.

"किती जण आहेत?" तिने विचारलं.

गोटी बोटांवर मोजायला लागली. कुणाचा तरी चेहरा आठवत असल्यासारखी प्रत्येक बोटाशी जरा थांबायची. दोन्ही हात संपले, तेव्हा तिने पाय पुढे ओढून घेतले. मग तीही बोटं संपली.

"आत्या," ती म्हणाली, "तुझा हात दे ना इकडे."